प्रकल्प नोंदी: फलटण शाखा, मे-जून २०२५

५ मे, सोमवार

एमबीएच्या पहिल्या वर्षानंतरची इंटर्नशिप आजपासून सुरू. जागा: फलटण, एका राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा. बँकेचं नाव कुठेही लिहायचं नाही, ग्राहकाचं नाव, खाते क्रमांक, आधार यांतलं काही टिपून घ्यायचं नाही, आणि काउंटरच्या आतल्या कीबोर्डला हात लावायचा नाही, हे शाखाधिकारी मॅडमनी चहा येण्याआधीच सांगून टाकलं. मला सिस्टिमचा आयडी मिळणार नाही. एकाने एंट्री मारायची, दुसऱ्याने व्हेरिफाय करायची, या जोडीत तिसऱ्याला जागा नाही. दाराजवळ 'चौकशी' असं लिहिलेलं एक टेबल बरेच महिने रिकामं होतं. ते मला दिलं.

कॉलेजकडे नोंदवलेला विषय: निमशहरी ग्राहकांचा डिजिटल बँकिंगकडे असलेला कल. सोबत दोन पानी प्रश्नावली, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत असे पाच पर्याय. मॅडमनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "हे भरून घे, पण आधी आठवडाभर नुसतं बघ. लोक कशाला येतात ते बघ."

६ मे, मंगळवार

वहीत रकाने आखले: भरणा, काढणे, पासबुक, ठेव, कर्ज, इतर. दुपारी जेवायच्या सुट्टीपर्यंत 'इतर'चा रकाना पानाच्या खाली गेला होता. त्यात होतं काय? मोबाइल नंबर बदलला. खात्यातून पैसे निघत नाहीत. एसएमएस येत नाही. आधारचं काहीतरी आहे. 'केवायसी करा' (म्हणजे ओळख-पत्त्याचे कागद पुन्हा द्या) असं मशीनवर आलं. संध्याकाळी 'इतर' खोडून त्याचे चार रकाने केले.

हेडकॅशियर काका सव्वीस वर्षं याच कामात आहेत. त्यांचं म्हणणं, कॅशला गर्दी वाटते पण ती दोन मिनिटांची असते. खरी गर्दी कागदांची. मला वाटलं, ते आपलं काउंटर सांभाळून घेतायत. वही मात्र त्यांच्या बाजूने बोलतेय.

९ मे, शुक्रवार

सकाळपासून एटीएमसमोर रांग रस्त्यापर्यंत. सीमेवरच्या तणावामुळे दोन-तीन दिवस एटीएम बंद राहणार, असा मेसेज रात्रीतून सगळ्या गावात फिरला. तो खोटा असल्याचं पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या, फॅक्ट चेकने सांगितलंय. ती पोस्ट मॅडमनी छापून काचेवर लावली. वाचली कुणीच नाही. रांगेतले एकजण म्हणाले, "खोटं असलं तरी काढून ठेवलेलं बरं."

त्यातून उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार, सोमवारी बुद्ध पौर्णिमा. अफवा नसती तरी तीन दिवसांची रोकड भरावीच लागली असती. एटीएममध्ये पैसे भरायला दोघं लागतात, एकाकडे किल्ली, दुसऱ्याकडे नंबर. काकांनी पाचशेची पॅकेटं मशीनवर दोनदा फिरवली, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि मगच कॅसेटमध्ये दाबली. दुमडलेल्या कोपऱ्याची एक नोट अडकली की अख्खं मशीन सुट्टीभर बंद, आणि मग फोन यांनाच. तीन वाजता पुन्हा भरलं. अशी एकाच दिवसात दोनदा भरायची वेळ दिवाळीतच येते म्हणे.

आज दुसऱ्या बँकेचं कार्ड वापरणाऱ्यांचीही गर्दी होती. १ मेपासून मोफत व्यवहार संपल्यावर एका वेळेला २३ रुपयांपर्यंत कापता येतात, आधी २१ होते. दोन रुपयांवरून कुणी भांडलं नाही. भांडण झालं ते मशीनने शंभराच्या नोटा न दिल्यावरून.

१३ मे, मंगळवार

सुट्टीनंतरचा दिवस. 'आधारचं काहीतरी' हा रकाना आज नीट समजून घेतला. हे सविस्तर लिहून ठेवते, कारण अहवालातला मुख्य भाग हाच होणार असं दिसतंय.

एक बाई आल्या, पन्नाशीच्या, गुणवऱ्याकडच्या. लाडक्या बहिणीचे दीड हजार त्यांना सुरुवातीला या खात्यात येत होते, आता येत नाहीत. जावेला येतात, यांना नाही. "आधार लिंक हाय की मॅडम माझं. तुमीच केलंय." खरं होतं. पासबुक पाहिलं, आधार खात्याला जोडलेलं होतं, केवायसी झालेली होती. तरी पैसे नाहीत.

कारण असं. सरकारी पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, आधार क्रमांकावर येतात. बँकांमधले व्यवहार एकमेकांशी जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे एक यादी असते, तिला मॅपर म्हणतात. तिथे प्रत्येक आधारसमोर एकाच बँकेचं नाव असतं. खाते क्रमांक नसतो, फक्त बँक. सगळ्यात शेवटी ज्या बँकेने 'या आधारचे पैसे माझ्याकडे पाठवा' असं कळवलं, तिचं नाव तिथे राहतं आणि आधीचं आपोआप पुसलं जातं. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि या यादीत नाव चढवणं, ज्याला सगळे सीडिंग म्हणतात, ते वेगळं. खात्याला आधार जोडलंय म्हणजे सगळं झालं, असं गावाला वाटतं. बँकेतल्या निम्म्या लोकांनाही तसंच वाटतं, हे माझं मत, मॅडमचं नाही.

बाईंना विचारत गेले तेव्हा निघालं की मध्यंतरी गावात कुणीतरी बोटाचा ठसा घेऊन झिरो बॅलन्स खातं उघडून दिलं होतं. का उघडलं? "फुकट हुतं." त्या खात्याच्या अर्जात सीडिंगच्या संमतीची खूण असणार. पैसे तिकडेच जमा होतायत, व्यवस्थित, दरमहा. फक्त बाईंकडे त्या खात्याचं ना पासबुक, ना कार्ड.

माय-आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो मोबाइल मुलाकडे, मुलगा चाकणला कंपनीत. फोन लावला, तो शिफ्टवर. दुपारी दीडला त्याने ओटीपी सांगितला आणि स्क्रीनवर दुसऱ्या बँकेचं नाव आलं. बाई तोपर्यंत टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसून होत्या, पिशवीतली शेंगदाण्याची पुडी मलाही दिली.

पुढे दोन वाटा: पुन्हा आपल्याकडे सीडिंगचा अर्ज द्यायचा, किंवा तिकडे जाऊन पासबुक घ्यायचं. मॅडमनी दोन्ही करायला सांगितलं. जुने हप्ते तिकडेच आहेत, ते सीडिंग बदलून इकडे येणार नाहीत.

१४ मे, बुधवार

हाच प्रकार आज पुन्हा, पीएम किसानच्या बाबतीत. माणूस वेगळा, गोष्ट तीच. मोबाइल मात्र त्यांच्याच खिशात होता, त्यामुळे दहा मिनिटांत कळलं.

१६ मे, शुक्रवार

नावं. यावर कॉलेजच्या पुस्तकात एक ओळ नाही.

खातं माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, पॅन कॉलेजात असताना काढलेलं म्हणून वडिलांच्या नावासकट, रेशन कार्डावर तिसरंच. चारही कागद एकाच बाईचे. सिस्टिमला त्यांत चार बायका दिसतात. लग्नानंतर नाव बदललं असेल तर नियम सोपा आहे: शासनाचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जोडा, जुन्या नावाचा कागद चालतो. पण विवाह नोंदणी केली कुणी? ज्यांच्या लग्नाला वीस वर्षं झाली, त्यांच्याकडे लग्नाचा अल्बम आहे, पत्रिका आहे, नोंदणी नाही. एक काकू खरोखरच पत्रिका घेऊन आल्या होत्या, हळद लागलेली, प्लास्टिकच्या पिशवीत. अधिकाऱ्यांनी ती आदराने बघितली आणि परत दिली.

त्यात मराठीतून इंग्रजीत जाताना होणारे घोळ वेगळे. अशा प्रकारात चूक कुणाचीच नसते. ज्याने ज्या दिवशी जे ऐकलं ते टाइप केलं. पण हेलपाटे बाईला पडतात, पुरुषांचं नाव जन्मभर एकच. माझ्या वहीत नावाच्या घोळाची जी नोंद आहे, तीत जवळजवळ सगळ्या बायका आहेत. आजपासून वहीत स्त्री-पुरुष अशी खूणही करतेय.

२० मे, मंगळवार

प्रश्नावली आजपासून भरून घ्यायला सुरुवात केली. 'मोबाइल बँकिंग सुरक्षित आहे असे मला वाटते.' पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ... एका आजोबांनी विचारलं, "तुम्हाला काय पायजे ते लिवा, मी अंगठा देतो." तरुण पोरं पटापट भरतात, सगळीकडे 'पूर्ण सहमत'. पण ही पोरं शाखेत येतात ती आईला किंवा आजीला सोडायला. त्यांचं स्वतःचं काम इथे नसतंच.

गाईड सरांना फोन केला. विषय थोडा वळवू का विचारलं: एकाच कामासाठी माणसाला शाखेत पुन्हा का यावं लागतं? सर म्हणाले, शीर्षक बदलता येणार नाही, आत काय लिहायचं ते लिही, प्रश्नावली मात्र हवीच. ठीक आहे.

२६ मे, सोमवार

शनिवार-रविवार फलटण-बारामती पट्ट्यात धो धो पाऊस. मे महिना आणि ओढे दुथडी भरून. मोसमी पाऊस यंदा महाराष्ट्रात कालच पोचला, इतक्या लवकर आल्याचं काकांच्या आठवणीत नाही. बारामतीहून येणारे दोन कर्मचारी अकरानंतर पोचले. शाखेत माणूस तुरळक. एक शेतकरी मात्र छत्री झटकत आलेच, खरिपाच्या पीककर्जाचं नवं-जुनं करायला. सातबारा आणि आठ-अ शर्टाच्या आत, पोटाशी, कोरडे.

कनेक्टिव्हिटी दुपारपर्यंत नव्हती. काकांनी तोपर्यंत फाटक्या नोटा वेगळ्या लावल्या.

२८ मे, बुधवार

"माझे चारशे छप्पन रुपये कुठं गेले?"

आज दिवसभर हा एकच प्रश्न, वेगवेगळ्या सुरांत. उत्तर: ४३६ अधिक २०. केंद्र सरकारच्या दोन विमा योजना, त्यांतल्या जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता ४३६ रुपये, सुरक्षा विम्याचा २० रुपये. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून आपोआप वळते होतात. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर दोन लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. २०१५ साली सुरू झाल्या तेव्हा हे हप्ते ३३० आणि १२ होते. जून २०२२ पासून वाढले.

लोकांना पैसे गेल्याचा राग नाही, विचारल्याशिवाय गेल्याचा आहे. विचारलं होतं. खातं उघडताना किंवा कुठल्यातरी मेळाव्यात अर्जावर सही घेतलेली असते. पण दहा वर्षांपूर्वीची सही कुणाला आठवते? आणि खरं बोलायचं तर त्या वेळी सही घेणाऱ्यानेही टार्गेट पुरं करायचं म्हणून घेतली असणार, समजावून सांगितलं असेलच असं नाही. मार्च-मेमध्ये शाखेच्या भिंतीवर असे आकडे लिहिलेला तक्ता असतो. मी आले तेव्हाही होता.

एका माणसाने विमा बंद करायचा अर्ज मागितला. अधिकाऱ्यांनी शांतपणे दिला, सोबत एवढंच म्हणाले की वीस रुपयांचा तेवढा राहू द्या. त्यांनी दोन्ही बंद केले.

२ जून, सोमवार

मे महिन्याचे युपीआयचे आकडे आले. देशभरात १,८६८ कोटी व्यवहार, रक्कम २५ लाख कोटींच्या वर. माझ्या शीर्षकाला शोभेलशी ओळ, प्रस्तावनेत टाकली.

आणि माझ्या टेबलावर? आज मोबाइल नंबर बदलण्याचे अर्ज सर्वांत जास्त. रिचार्ज न केल्याने जुनं सिम बंद पडलं, नवं घेतलं, बँकेत जुनाच नंबर. नंबर जुना म्हणजे ओटीपी नाही, ओटीपी नाही म्हणजे ॲप नाही, युपीआय नाही, आधारवरही तोच जुना नंबर असेल तर तिथेही काही नाही. हे लोक डिजिटलला घाबरत नाहीत. त्यांना आत घेणारा दरवाजाच एका दहा अंकी नंबरावर अडलाय, आणि तो बदलायला शाखेतच यावं लागतं.

६ जून, शुक्रवार

सकाळी दहाला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांचं भाषण. सगळ्यांना पाव टक्क्याची अपेक्षा होती, रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, थेट अर्ध्या टक्क्याने उतरवून ५.५० केला. फेब्रुवारीपासून मिळून एक टक्का झाला. सीआरआर, म्हणजे बँकांनी ठेवींतला जो वाटा रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा तो, तोही ४ वरून ३ टक्क्यांवर येणार, सप्टेंबरपासून टप्प्याटप्प्याने. गावातल्या शाखेत या बातमीचं काय होतं ते बघायची मला उत्सुकता होती.

साडेअकराला एक निवृत्त मास्तर आले. हातात तीन ठेवपावत्या, रबर लावलेल्या. "दर आजच उतरले का?" अजून नाही, वरून परिपत्रक येईल तेव्हा. "मग आज नवीन करून द्या." मुदत ऑगस्टमध्ये संपणार होती. अधिकाऱ्यांनी हिशेब मांडून दाखवला: मुदतीआधी मोडली तर जितके दिवस ठेवली त्या काळाचा दर लागतो, वर थोडा दंड, नवा दर आज मिळाला तरी दोन महिन्यांसाठी हा व्याप परवडतो का बघा. मास्तरांनी स्वतःच्या पेनाने तोच हिशेब पुन्हा केला, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर, भागाकार लांबलचक पद्धतीने. दोघांचं उत्तर जुळलं. एक पावती मोडली, दोन ठेवल्या. १५-एच, म्हणजे व्याजावर कर (टीडीएस) कापू नका असा अर्ज, भरायचा का, असंही त्यांनी विचारलं. ज्येष्ठांना वर्षाला एका बँकेतलं व्याज लाखाच्या आत असेल तर एप्रिलपासून टीडीएस कापला जात नाही, पूर्वी ही मर्यादा ५० हजार होती. त्यांचं व्याज लाखाच्या बरंच खाली. अर्जाची गरजच नाही म्हटल्यावर मास्तर जरा नाराजच झाले, घरून भरून आणला होता.

गृहकर्जवाल्यांचा एकही माणूस आला नाही. त्यांचं आपोआप होतं, रेपोला जोडलेल्या कर्जाचा दर तीन महिन्यांच्या आत बदलावाच लागतो. हप्ता बहुतेक तोच राहतो, मुदत कमी होते, म्हणून कुणाला कळतही नाही. दर उतरले की ठेवीदार धावत येतो आणि कर्जदार घरी निवांत असतो.

९ जून, सोमवार

शनिवारी बकरी ईद, काल रविवार, उद्या वटपौर्णिमा. आज सोनेतारणाच्या टेबलाशी बायकांची रांग. गहाण ठेवलेलं मंगळसूत्र सणापुरतं सोडवायचं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आणून ठेवायचं. सोडवण्याचे पैसे उसने घेतलेले असतात, कधी भावाकडून, कधी बचत गटातून. हा फेरा वर्षातून तीनदा होतो, असं शाखेसाठी सोनं तपासणारे सराफ म्हणाले. वटपौर्णिमा, गौरी आणि दिवाळी.

पिशवीवरचं लाखेचं सील ग्राहकासमोरच फोडतात. बाईंनी डबी उघडून आधी वाट्या मोजल्या, मग काळे मणी बोटांखालून सरकवले, मगच सही केली.

१२ जून, गुरुवार

त्यांतल्या एकजणी परत आल्या, आज सोनं ठेवायला. सराफांना विचारून शेजारी बसले. कसोटीच्या दगडावर वाटीची कड ओढली, पिवळी रेघ उठली. तिच्यावर आम्लाचा थेंब. रेघ विरघळली नाही. शेजारी ठरलेल्या कसाच्या काडीची रेघ ओढून रंग ताडून पाहिला. मग काट्यावर. एकूण वजन वेगळं लिहितात, निव्वळ वेगळं. मणी, लाख, दोरा सगळं वजा. दहा ग्रॅमला लाखाच्या आसपास भाव असताना काळ्या मण्यांचा एक ग्रॅमही कुणी धरत नाही. बाईंचा चेहरा इथेच उतरतो, कारण घरच्या काट्यावर ते जास्त भरलेलं असतं.

भावाच्या जास्तीत जास्त ७५ टक्के कर्ज देता येतं. ६ जूनलाच रिझर्व्ह बँकेने नवे निर्देश काढले, त्यांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला ८५ टक्क्यांची मुभा आहे. बँकांना त्यासाठी १ एप्रिल २०२६ पर्यंत वेळ आहे. बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तवा बघू. आता बी-बियाणाला लागतंत."

१३ जून, शुक्रवार

काल रिझर्व्ह बँकेचं केवायसीवर परिपत्रक आलं. मॅडमनी ते मला वाचायला दिलं, आणि महिनाभर वहीत जे साचलं होतं त्याचं कारण एका परिच्छेदात सापडलं.

केवायसी एकदा करून संपत नाही. जोखीम जास्त असलेल्या ग्राहकाची दर दोन वर्षांनी, मध्यमची आठ आणि कमी जोखमीच्या ग्राहकाची दहा वर्षांनी पुन्हा करावी लागते. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. तेव्हा मोहिमेत खाती उघडली, एका गावात एका दिवसात चावडीवर बसून. ही सगळी माणसं कमी जोखमीची. म्हणजे सगळ्यांची दहा वर्षं एकदमच भरली. मोहिमेत उघडलेली खाती मोहिमेसारखीच थकली, आणि तेव्हा शिबिर गावात आलं होतं, आता गाव शाखेत येतंय.

परिपत्रकात दिलासा आहे. कमी जोखमीच्या ग्राहकाचे व्यवहार अडवायचे नाहीत. मुदत उलटल्यापासून एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यांतली जी तारीख नंतरची, तोवर केवायसी पुरी करून घ्यायची. तपशिलात काही बदल नसेल किंवा फक्त पत्ता बदलला असेल, तर गावातल्या बीसीकडेही, म्हणजे बँकेच्या वतीने गावात व्यवहार करणाऱ्या प्रतिनिधीकडे, स्वयंघोषणा देता येईल. मुदतीच्या आधी निदान तीन सूचना, त्यांतली एक पत्राने, आणि नंतरही तेवढ्याच.

काका म्हणाले, पत्र पाठवाल, पण पत्ता दहा वर्षांपूर्वीचा. मॅडम म्हणाल्या, बीसीकडे होऊ दे बाई एकदाचं, निम्मी रांग तिथेच जिरेल. मला मॅडमचं पटतं, पण एका अटीवर. 'काही बदल नाही' हे ज्याच्या बाबतीत खरं आहे, त्याचंच काम बीसीकडे होईल. नाव आणि मोबाइलवाले शाखेतच राहणार.

१६ जून, सोमवार

ढवळ भागातली एक बाई दिरासोबत आली. मेच्या शेवटी, त्या पावसात, नवऱ्याला उसात साप चावला. उपजिल्हा रुग्णालयात नेलं, वाचला नाही. त्या आल्या होत्या खात्यातले दोन-अडीच हजार काढायला. विम्याचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

मॅडमनी पासबुक घेतलं आणि मागे मागे पानं उलटत गेल्या. बोट मे २०२४ च्या पानावर थांबलं. २०.००, वजा. सुरक्षा विमा. ४३६ ची ओळ नव्हती. त्या योजनेत पन्नाशीनंतर नव्याने शिरता येत नाही आणि नवरा त्रेपन्न वर्षांचा. वीसची होती. "हप्ता गेलाय. वर्ष चालू होतं," मॅडम म्हणाल्या.

दिराने विचारलं, पोलिसात तर काही नोंद नाही, अपघात कसा म्हणायचा? सर्पदंश या योजनेत अपघातच धरतात. रस्त्यावरच्या अपघाताला एफआयआर लागतो, साप चावल्यावर किंवा झाडावरून पडल्यावर लगेचच्या दवाखान्याच्या कागदांवर काम होतं. केसपेपर घरी होता. मृत्यूचा दाखला निघालेला. वारस म्हणून बाईंचंच नाव लावलेलं, तेही जुळणारं. इथे मात्र नावाने दगा दिला नाही. दाव्याचा अर्ज मी मराठीत समजावून सांगत भरून घेतला, सह्या अधिकाऱ्यांनी तपासल्या. दावा विमा कंपनीकडे जाईल, मंजुरी त्यांची.

त्या गेल्यावर मॅडमनी गेल्या वर्षभरातल्या मृत खातेदारांची यादी काढायला सांगितली. ज्यांच्या खात्यातून वीस किंवा चारशे छत्तीस गेलेत आणि ज्यांच्या घरून कुणी आलंच नाही, अशांना फोन करायचे. शाखेत आल्यापासून मी पाहिलेलं हे सगळ्यात कामाचं काम, आणि ते कुठल्याही तक्त्यात मोजलं जात नाही.

१९ जून, गुरुवार

यादीवरचे फोन. निम्मे नंबर बंद.

२० जून, शुक्रवार

बीसी ताईंसोबत गावात गेले. अंगणवाडीशेजारी खोली, एक लॅपटॉप, बोटाच्या ठशाचं यंत्र, भिंतीवर बँकेचा फलक. ताई बारावी शिकलेल्या, कमिशनवर काम करतात, महिन्याचा ठरलेला पगार नाही. उसाच्या खुरपणीने बोटांच्या रेषा झिजलेल्या बायकांचा ठसा पटकन लागत नाही. ताई खोबरेल तेलाचं बोट फिरवतात, पुसतात, पुन्हा ठेवायला सांगतात. तरी नाही लागला तर दुसऱ्या हाताचं. आमच्या काउंटरवर तीन वेळा नाही लागलं की 'आधार केंद्रात जा' सांगतात. ताईंकडे लोक परत पाठवणं परवडत नाही, व्यवहार झाला तरच कमिशन.

गावातली कोण कुणाची सून, कुणाचं नाव कधी बदललं, हे सगळं ताईंना ठाऊक. संगणकात मात्र यातलं काही भरता येत नाही.

२४ जून, मंगळवार

शाखेसाठी एक पान तयार केलं. वर शीर्षक: कामाला येण्याआधी एवढं बघा. पैसे आले नाहीत तर आधी सीडिंग कुठल्या बँकेत आहे ते पाहा, आधारचा मोबाइल सोबत ठेवा. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र. मोबाइल बदलला असेल तर स्वतः या, दुसऱ्याला पाठवू नका. घरात कुणी वारलं असेल तर त्यांचं पासबुक घेऊन या, हप्ता गेलाय का आम्ही बघतो.

शेवटच्या ओळीत मी 'काम सात दिवसांत होईल' असं लिहिलं होतं. मॅडमनी ती ओळ खोडली. "दिवस लिहू नको. लोक बरोब्बर त्या दिवशी सकाळी येऊन बसतात, आणि वरच्या ऑफिसातून झालेलं नसतं." बाकी पान तसंच ठेवलं, अक्षर मोठं करायला सांगितलं. आज एक प्रत दारावर, एक बीसी ताईंना व्हॉट्सॲपवर.

दुसरी सूचनाही त्यांनी मानली: 'चौकशी'च्या टेबलावर कायम कुणीतरी बसवायचं आणि कागद आधी तिथे बघायचे, मग टोकन. माणूस कुठून आणणार हा प्रश्न आहेच. तूर्त दुपारपर्यंत शिपाई मामा बसतील. त्यांना यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, फक्त त्यांना आजवर कुणी खुर्ची दिली नव्हती.

२७ जून, शुक्रवार

शेवटचा दिवस. माउलींची पालखी उद्या फलटणला मुक्कामी. उद्या चौथा शनिवार, मग रविवार, म्हणून पुन्हा मे महिन्यासारखंच एटीएम भरणं. या वेळी काकांनी शंभराच्या नोटा आठवणीने जास्त ठेवल्या, वारकऱ्यांना आणि फुलवाल्यांना पाचशेचा उपयोग नाही. शाखेसमोर मंडप पडलाय, ग्राहक आणि वारकरी यांच्यातला फरक दुपारनंतर कळेनासा झाला. पाणी प्यायला आत आलेल्या एका दिंडीतल्या आजीबाईंनी जाता जाता मामांच्या टेबलावर पासबुक ठेवलं आणि पैसं आलंत का बघा म्हणाल्या. आळंदीकडच्या, दुसऱ्या बँकेचं पासबुक. मामांनी दारावरचं पान दाखवलं, आजींनी ते नातीकडून फोनमध्ये काढून घेतलं.

सर्पदंशाच्या दाव्याचं अजून काही आलेलं नाही. अधिकाऱ्यांनी कळवतो म्हटलंय.

गाईड सरांना मसुदा पाठवला होता. त्यांचं उत्तर: निरीक्षणं बरी आहेत, पण प्रश्नावलीचं विश्लेषण कुठे आहे? काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्रातली चाचणी आणि निदान दोन आलेख हवेत. पूर्ण सहमतवाल्या पोरांचे अर्ज पिशवीत आहेत. रविवारी ते एक्सेलमध्ये भरायचे, सोमवारी सरांना पाठवायचे. सीडिंगचं प्रकरण आहे तसंच ठेवणार.